लॅपटॉपचं साउंड कार्ड दिसेनासं झालं तर

इंदूरच्या राजेंद्रनगरात आमच्यापासून दोन घरं सोडून एक काकू गाणं शिकवतात. आठवड्यातले तीन दिवस त्यांचा वर्ग लॅपटॉपवर भरतो. समोर पुण्याची, ठाण्याची मुलं असतात, एक मुलगी बडोद्याची. श्रावणातल्या एका सकाळी त्यांनी लॅपटॉप उघडला, तर कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्राशेजारी फुली. मुलं पडद्यावर तोंड हलवताहेत आणि इकडे काहीच ऐकू येत नाही. वर्ग बुडाला. संध्याकाळी काका लॅपटॉप घेऊन एका दुकानात गेले. तिथे पाच मिनिटांत निकाल लागला, ‘बोर्ड गया, अंकल.’ खर्चाचा आकडा ऐकून काका तसेच परत आले आणि लॅपटॉप माझ्याकडे ठेवून गेले.

बोर्ड गेलेला नव्हता. तासाभरात आवाज परत आला, तोही एक पैसा न खर्चता. तो कसा आला ते पुढे सांगतो. पण त्या दिवसापासून मला वाटत आलंय की ‘साउंड कार्ड गेलं’ हे वाक्य कुणी म्हटलं की आपण एकच प्रश्न विचारायला हवा: नक्की कुठल्या टप्प्यावर गेलं? तो टप्पा घरबसल्या शोधता येतो. त्यासाठी लॅपटॉप उघडावा लागत नाही आणि संगणकाचं शिक्षणही लागत नाही. ज्यांनी ‘डिव्हाइस मॅनेजर’ ही विंडोजमधली उपकरणांची यादी आजवर एकदाही पाहिलेली नाही, त्यांना समोर ठेवून मी हे लिहितोय. पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा, आणि जवळ एक वही ठेवा. काय केलं आणि काय दिसलं हे दोन शब्दांत टिपत जा. पुढे दुकानात जायची वेळ आलीच, तर ती वही फार कामाला येते.

वाजत नाही की दिसत नाही?

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. स्पीकरच्या चित्रावर क्लिक केल्यावर ‘स्पीकर्स’ किंवा ‘रिअलटेक’ (आवाजाच्या चिप बनवणारी कंपनी) असं काही नाव दिसतंय, पण आवाज नाही, तर कार्ड सापडलेलं आहे. अशा वेळी आवाज म्यूट तर नाही ना, काल जोडलेल्या टीव्हीकडे किंवा ब्लूटूथ इयरफोनकडे तर जात नाही ना, एवढं तपासा. बहुतेकदा तिथेच मिटतं.

मात्र सेटिंग्जमध्ये ‘साउंड’ उघडल्यावर ‘नो आउटपुट डिव्हाइसेस फाउंड’ असं येत असेल, किंवा चित्राशेजारी फुली असेल, तर विंडोजला कार्डच दिसत नाहीये. आपला विषय हा आहे.

मधली एक गोष्ट इथेच उरकतो. ऑडिओ सर्व्हिस चालू नाही असा संदेश आला, तर स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ टाइप करा. यादीत ‘विंडोज ऑडिओ’ आणि ‘विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर’ या दोन ओळी शोधा. दोन्हीपुढे ‘रनिंग’ आणि ‘ऑटोमॅटिक’ हवं. नसेल तर उजवं क्लिक करून ‘स्टार्ट’ द्या.

आत नक्की काय असतं

‘कार्ड’ हा शब्द जुन्या डेस्कटॉपच्या काळातला. तेव्हा खरोखरच एक वेगळं कार्ड मदरबोर्डच्या, म्हणजे मुख्य बोर्डाच्या, खाचेत बसवावं लागे. आजच्या लॅपटॉपमध्ये तसं कार्ड नसतं, त्याचं काम दोघं मिळून करतात. एक असतो कंट्रोलर. तो चिपसेटमध्ये (बोर्डावरचे निरनिराळे भाग प्रोसेसरशी जोडणाऱ्या चिपमध्ये) किंवा प्रोसेसरमध्येच असतो. दुसरा कोडेक, म्हणजे बोर्डावरची बोटाच्या नखापेक्षाही लहान अशी एक वेगळी चिप. गाणं संगणकाच्या आत असतं तेव्हा ते निव्वळ आकडे असतात, साधारणपणे सेकंदाला ४८,००० नमुने. कंट्रोलर हे आकडे कोडेककडे पोचवतो. कोडेक त्यांची विजेची लहर करतो आणि ती स्पीकरकडे जाते. बोलताना उलटा प्रवास. दोघांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम इंटेलने २००४ मध्ये ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ या नावाने जाहीर केले. त्याआधी १९९७ पासूनची ‘एसी ९७’ ही पद्धत होती. आज बाजारात असलेल्या कितीतरी लॅपटॉपमध्ये अजून २००४ चीच मांडणी आहे.

आता कळीचा मुद्दा. लॅपटॉप सुरू होताना कंट्रोलर हजेरी घेतो. तारेच्या पलीकडे कोण आहे, असं विचारतो आणि कोडेक आपला क्रमांक सांगतो. क्रमांक मिळाला की विंडोज त्याला जुळणारा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम, शोधून बसवते. कोडेकने हजेरीला उत्तरच दिलं नाही, तर कंट्रोलर धडधाकट असूनही विंडोजच्या दृष्टीने साउंड कार्ड अस्तित्वातच नसतं.

अलीकडच्या लॅपटॉपमध्ये मध्ये एक तिसरा असतो, आवाजावर प्रक्रिया करणारा छोटा प्रोसेसर. इंटेलच्या यंत्रांत त्याचं नाव ‘स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी’, एएमडीच्या यंत्रांत ‘ऑडिओ कोप्रोसेसर’. याचा स्वतःचा ड्रायव्हर नसेल, तर विंडोज त्याच्यामागे असलेल्या कोडेकपर्यंत पोहोचतच नाही. काकूंच्या लॅपटॉपचं हेच झालं होतं.

म्हणजे हरवण्याच्या जागा चार: बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या, लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) कंट्रोलर बंद आहे, मधल्याचा ड्रायव्हर गेलाय, कोडेकचा ड्रायव्हर बिघडलाय, किंवा कोडेक खरंच मुका झालाय. पहिल्या तिन्ही घरी दुरुस्त होतात.

पायरी १: वीज पूर्ण काढा

हे इतकं साधं आहे की लोक करतच नाहीत, किंवा केलं असं समजतात. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. म्हणजे बिघडलेली अवस्थाही जपली जाते. म्हणून ‘रोज बंद करतो, तरी काही फरक नाही’ असं कुणी म्हणालं तर ते खरं बोलत असतात. ‘रीस्टार्ट’ मात्र सगळं नव्याने सुरू करतं. तेव्हा आधी एकदा रीस्टार्ट करा.

त्याने झालं नाही, तर पुढचं. उघडी कामं जतन करा. शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’वर क्लिक करा, म्हणजे पूर्ण बंद होईल. ॲडॉप्टर काढा. पेन ड्राइव्ह, माउस, एचडीएमआयची वायर, जे जोडलंय ते सगळं काढा. बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा. मग पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. आतली बॅटरी निघत नसेल तरी बटण तेवढा वेळ धरायचंच. काही लॅपटॉपच्या तळाशी टाचणी जाईल एवढं बारीक छिद्र असतं, ते याच कामासाठी. पण ते छिद्र त्यासाठीच आहे अशी लॅपटॉपच्या पुस्तिकेतून खात्री झाल्याशिवाय त्यात टाचणी घालू नका, कारण तळाशी मायक्रोफोनचंही छिद्र असू शकतं.

नंतर ॲडॉप्टर लावून सुरू करा. कोडेक एखाद्या अडकलेल्या अवस्थेत असेल, तर वीज पूर्ण गेल्यावर तो नव्याने उठतो आणि हजेरीला उत्तर देतो. आवाज आला तर छानच, पण तारीख टिपून ठेवा. एकदाच झालं तर विसरून जा. आठ-पंधरा दिवसांत पुन्हा गेलं, तर पुढच्या पायऱ्या टाळू नका.

पायरी २: डिव्हाइस मॅनेजर वाचायला शिका

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवतो, कारण उत्तर बहुतेकदा इथेच लिहिलेलं असतं.

विंडोजचं बटण आणि एक्स एकदम दाबा. यादीतून ‘डिव्हाइस मॅनेजर’ निवडा. वर ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘शो हिडन डिव्हाइसेस’ चालू करा. आता तीन कप्पे उघडायचे आहेत: ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’, ‘सिस्टिम डिव्हाइसेस’ आणि असेल तर ‘अदर डिव्हाइसेस’.

पहिला कप्पा. रिअलटेकचं, तसल्याच चिप बनवणाऱ्या कोनेक्झंटचं किंवा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ असं नाव आहे का? त्यावर खाली जाणारा छोटा बाण असेल तर उपकरण कुणीतरी बंद केलंय. उजवं क्लिक करून ‘एनेबल’ करा, काम संपलं. पिवळा त्रिकोण असेल तर दोनदा क्लिक करून कोड वाचा. कोड १० म्हणजे उपकरण दिसतंय पण सुरू होऊ शकत नाही. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. ४३ म्हणजे उपकरणाने स्वतःच अडचण कळवली म्हणून विंडोजने ते थांबवलं. नाव फिकट, धुरकट दिसत असेल आणि कोड ४५ असेल, तर विंडोज सांगतेय की हे उपकरण पूर्वी होतं, आत्ता जोडलेलं नाही. बोर्डावरची चिप कुणी काढून नेत नाही, त्यामुळे इथे ४५ म्हणजे हजेरीला उत्तर मिळालं नाही.

या कप्प्यात नवखे लोक हमखास एका जागी फसतात. ‘इंटेल डिस्प्ले ऑडिओ’, ‘एनव्हिडिया हाय डेफिनिशन ऑडिओ’ किंवा एएमडीचं तसलंच नाव दिसतं आणि वाटतं की कार्ड तर आहे. ते कार्ड स्पीकरचं नसतं. एचडीएमआयच्या तारेतून टीव्हीला आवाज पाठवणारा तो वेगळा भाग, त्याचा आपल्या स्पीकरशी संबंध नाही. खात्री हवी असेल तर नावावर दोनदा क्लिक करून ‘डिटेल्स’मध्ये जा आणि ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. त्यात ‘व्हीईएन’नंतर चार अक्षरं येतात, ती बनवणाऱ्याची खूण. १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४एफ१ म्हणजे कोनेक्झंट, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, ८०८६ म्हणजे इंटेल. (इंटेलने आपल्या १९७८ च्या ८०८६ या प्रोसेसरचा आकडाच खूण म्हणून घेतला. मला हे कळलं तेव्हा फार आवडलं होतं.) कप्प्यात फक्त ८०८६ किंवा १०डीई असेल, तर स्पीकरचा कोडेक गायब आहे असं धरा.

आता ‘अदर डिव्हाइसेस’. इथे ‘मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर’ किंवा ‘ऑडिओ डिव्हाइस ऑन हाय डेफिनिशन ऑडिओ बस’ असं नाव प्रश्नचिन्हासकट दिसलं, तर खुश व्हा. यंत्र जिवंत आहे, ते आपलं नाव सांगतंय, विंडोजकडे फक्त त्याच्यासाठी ड्रायव्हर नाही. काकूंच्या लॅपटॉपवर नेमकं ‘मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर’ होतं. विचारल्यावर कळलं की आदल्या रात्री अपडेट चालू असताना चार्जर लावायचा राहिला आणि बॅटरी संपून लॅपटॉप मध्येच बंद पडला. मधल्या प्रोसेसरचा ड्रायव्हर अर्धवट राहिला, म्हणून मागचा कोडेकही दिसेना.

शेवटी ‘सिस्टिम डिव्हाइसेस’. यात ‘हाय डेफिनिशन ऑडिओ कंट्रोलर’ किंवा ‘स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी’च्या ओळी आहेत का पाहा. त्या आहेत आणि पहिल्या कप्प्यात कोडेक नाही, तर संशय कोडेकवर किंवा त्याच्या ड्रायव्हरवर. यातलं कुठेच काही नाही आणि ‘अदर डिव्हाइसेस’ही रिकामा, तर आधी बायोस बघायचा, म्हणजे थेट चौथ्या पायरीवर जा.

पडद्याचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा. पुढे काही बदललं की ताडून बघता येतं.

पायरी ३: ड्रायव्हर

आवाज एखाद्या अपडेटनंतर गेला असेल तर तो योगायोग समजू नका. डिसेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःच काही लॅपटॉपना विंडोज ११ चं २४एच२ हे मोठं अपडेट देणं थांबवलं होतं, कारण डिरॅक या कंपनीचं आवाज सुधारणारं सॉफ्टवेअर असलेल्या यंत्रांवर ते घेतल्यावर आवाजाची उपकरणं ओळखलीच जात नव्हती. तेव्हा आधी मागे जाऊन बघा. पहिल्या कप्प्यात नावावर दोनदा क्लिक, मग ‘ड्रायव्हर’, मग ‘रोल बॅक ड्रायव्हर’. बटण फिकट असेल तर मागचा ड्रायव्हर जपलेला नाही. अशा वेळी ‘सिस्टिम रिस्टोअर’मध्ये बिघाडाच्या आधीची तारीख मिळते का ते पाहता येईल.

नाहीतर नवा ड्रायव्हर बसवायचा, आणि इथे क्रम सांभाळायचा. लॅपटॉपच्या तळाशी असलेला सीरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग टिपा. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावर तो टाका. कोडेक रिअलटेकचा असला तरी ड्रायव्हर लॅपटॉपवाल्या कंपनीकडूनच घ्या, कारण स्पीकर कोडेकच्या कुठल्या पिनेला जोडलेत, माइक कुठे आहे, ही माहिती प्रत्येक मॉडेलची वेगळी असते आणि ती त्यांच्याच ड्रायव्हरमध्ये असते. तिथून दोन गोष्टी उतरवा: चिपसेटचा (किंवा स्मार्ट साउंडचा) ड्रायव्हर आणि ऑडिओचा ड्रायव्हर. दोन्ही हातात आल्यावरच जुना काढायचा. नावावर उजवं क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’, आणि खिडकीत ड्रायव्हरही काढून टाकण्याची चौकट दिसली तर त्यात टिचकी करा. रीस्टार्ट. आधी चिपसेट, पुन्हा रीस्टार्ट, मग ऑडिओ. काकूंच्या बाबतीत चिपसेटचा भाग बसल्यावर प्रश्नचिन्ह गेलं, ऑडिओचा बसल्यावर फुली गेली. चार्जर मात्र पूर्ण वेळ लावलेला होता.

एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारे प्रोग्राम उतरवू नका. चुकीच्या मॉडेलचा ड्रायव्हर बसला की निदानच बिघडतं.

कंपनीचा ड्रायव्हर चालत नसेल आणि कोडेक दिसत असेल तर एक पर्याय विंडोजमध्येच आहे. ‘अपडेट ड्रायव्हर’, मग आपल्या संगणकातून शोधण्याचा दुसरा पर्याय, मग यादीतून स्वतः निवडण्याचा. तिथे ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ निवडा. हा मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर. आवाज थोडा पातळ वाटेल, पण वर्ग चालेल.

पायरी ४: बायोस

लॅपटॉप सुरू होताच लगेच ठराविक बटण दाबत राहायचं. डेल, एसर, आसूसमध्ये सहसा एफ२, एचपीत एफ१०, लेनोव्होत एफ१ किंवा एफ२. आत ‘ऑडिओ’, ‘इंटिग्रेटेड ऑडिओ’ किंवा ‘ऑनबोर्ड डिव्हाइसेस’ असं काही सापडलं, तर ते चालू आहे ना पाहा. चालू असेल तरी एकदा बंद करून जतन करा, विंडोज सुरू होऊ द्या, मग लॅपटॉप बंद करा आणि बायोसमध्ये परत येऊन तो पर्याय चालू करा. कंट्रोलरची हजेरी पुन्हा पहिल्यापासून होते. सगळ्या बायोसमध्ये हा पर्याय नसतो. नसेल तर पुढे चला.

एक काळजी मात्र नक्की घ्या. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, किल्ली जवळ असू द्या. अनेक लॅपटॉपची डिस्क मालकाच्या नकळत कुलूपबंद केलेली असते आणि बायोसमधल्या बदलानंतर विंडोज ४८ आकडी किल्ली मागू शकते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते. मोबाइलवरून खात्यात शिरून ती आधीच वहीत लिहून घ्या. आणि ‘लोड डिफॉल्ट्स’ हे बटण सहज म्हणून दाबू नका. त्याने डिस्कशी बोलण्याची पद्धत बदलली तर विंडोज सुरूच होणार नाही, आणि मूळ दुखणं आवाजाचं होतं हे विसरायला होईल.

पायरी ५: पेन ड्राइव्हवरून दुसरी सिस्टिम

विंडोज दोषी की चिप, याचा निवाडा करणारी याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही. उबंटू ही फुकट मिळणारी सिस्टिम पेन ड्राइव्हवरून चालवता येते, लॅपटॉपवर काहीही न बसवता. किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, तेव्हा लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका. दुसऱ्या संगणकावर उबंटूची फाइल उतरवा, रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रामने ती पेन ड्राइव्हवर चढवा. लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूचं (कशावरून सुरू व्हायचं ते विचारणाऱ्या यादीचं) बटण दाबून पेन ड्राइव्ह निवडा. पुढे ‘ट्राय’ आणि ‘इन्स्टॉल’ असे पर्याय येतात. ‘ट्राय’च निवडायचं. ‘इन्स्टॉल’ने तुमची डिस्क पुसली जाऊ शकते.

उबंटू उघडली की सेटिंग्जमध्ये साउंड पाहा. स्पीकर दिसले आणि चाचणीचा आवाज आला, तर वाद मिटला. चिप ठीक, दोष विंडोजमधला. मग तिसरी पायरी पुन्हा शांतपणे करायची, आणि नाहीच जमलं तर फाइली बाहेर काढून ‘रीसेट धिस पीसी’. ‘डमी आउटपुट’ एवढंच दिसलं, किंवा फक्त एचडीएमआय, तर संशय चिपवर. इथे थोडं सावध राहा. लॅपटॉप अगदी नवा असेल तर उबंटूकडेच त्याचा ड्रायव्हर नसू शकतो. म्हणून ‘दिसलं’ हा पुरावा पक्का, ‘नाही दिसलं’ हा त्यामानाने कच्चा. तो पक्का करायला कंपनीची स्वतःची तपासणी चालवा. ती विंडोजच्या आधी चालते: डेलमध्ये सुरू होताना एफ१२ दाबून ‘डायग्नॉस्टिक्स’, एचपीत एफ२.

माझ्या भाच्याचा लॅपटॉप याच पायरीवर उघडा पडला. इंदूरच्याच विजयनगरहून आमच्याकडे येताना तो पावसात सापडला, बॅग भिजली. दोन दिवसांनी आवाज गेला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये रिअलटेक फिकट, कोड ४५. बायोसमध्ये ऑडिओ चालू. उबंटूत फक्त एचडीएमआय, तेही चार वर्षं जुन्या लॅपटॉपवर. म्हणजे कोडेक मुका झाला होता, यात शंका उरली नाही. ओला झालेला लॅपटॉप लगेच सुरू करून बघण्याचा मोह फार घातक. वीज मिळाली की ओलसर जागी गंज आणि शॉर्ट दोन्ही सुरू होतात. बंद ठेवा आणि उघडून साफ करून घ्या. तांदळाच्या डब्यात ठेवून आतला बोर्ड साफ होत नाही.

पायरी ६: दुकानात जाताना

वॉरंटी असेल तर दुसऱ्या कुणालाही उघडू देऊ नका, थेट अधिकृत सेवा केंद्रात जा. नसेल तर आपल्या इंदुरात आरएनटी मार्गावरचा सिल्व्हर मॉल आहे, जेल रोड आहे. दुकान निवडताना मी एकच पाहतो: हे लोक बोर्डावर काम करतात की नुसता बोर्ड बदलतात. टेबलावर मायक्रोस्कोप आणि हॉट एअरचं यंत्र दिसलं की थांबतो. मग सरळ विचारायचं, ‘कोडेक पे सप्लाई आ रही है क्या, ज़रा चेक कर दो.’ हा प्रश्न ऐकल्यावर समोरच्याला कळतं की तुम्ही निम्मी वाट चालून आला आहात. सप्लाय, म्हणजे कोडेकला लागणारी वीज, येत नसेल तर एखादा छोटा भाग बदलून भागतं. येत असेल आणि तरी कोडेक उत्तर देत नसेल, तर कोडेक बदलता येतो. दोन्ही कामं अख्खा बोर्ड बदलण्यापेक्षा लहान आहेत.

आवाज कधी जातो, हेही सांगा. लॅपटॉप तापल्यावर जातो आणि थंड झाल्यावर येतो, किंवा हात टेकवायच्या जागी दाबलं की येतो-जातो, तर टाका सैल झालेला किंवा पट्टीची वायर हललेली असू शकते. काही लॅपटॉपमध्ये हेडफोनची खाच एका छोट्या वेगळ्या बोर्डावर असते आणि तो अशाच पट्टीने मुख्य बोर्डाला जोडलेला असतो. ही माहिती तुमच्या वहीतून मिळाली तर कारागिराचा अर्धा दिवस वाचतो. देण्याआधी फाइली दुसरीकडे उतरवा, आणि पावतीवर ‘फक्त ऑडिओ, विचारल्याशिवाय दुसरं काही बदलू नये’ असं लिहून घ्या. भिडेखातर हे राहू देऊ नका.

तोवर काम चालू ठेवायचं

यूएसबी साउंड कार्ड म्हणजे अंगठ्याएवढी वस्तू. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला हेडफोन आणि माइकची खाच. साधी मिळते ती काहीशे रुपयांत येते. हिचा स्वतःचा कोडेक असतो, त्यामुळे बोर्डावरच्या मेलेल्या कोडेकशी तिला देणंघेणं नाही. यूएसबी ऑडिओचे नियम ठरलेले असल्याने विंडोज आणि उबंटू दोन्हीकडे ती वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालते. घेताना माइकची खाच आहे ना बघा, नुसती हेडफोनची असलेलीही मिळतात.

ब्लूटूथनेही आवाज येईल, पण गाण्याच्या वर्गाला ते घेऊ नका. आवाज हवेतून जाताना थोडा मागे पडतो. बोलण्यात ते खपून जातं. ठेका धरून गाताना खपत नाही, समेवर यायच्या वेळी गुरू एकीकडे आणि शिष्य दुसरीकडे असतात. काकूंना मी वायरचाच हेडफोन दिला होता.

कोडेक गेला तरी लॅपटॉपचा आतला माइक कधीकधी चालू राहतो. स्मार्ट साउंडवाल्या यंत्रांत डिजिटल माइक कोडेकला न जोडता थेट चिपसेटला जोडलेले असतात. तेव्हा माइक वेगळा विकत घेण्याआधी सेटिंग्जमध्ये ‘इनपुट’ तपासा.

भाच्याने कोडेक बदलला नाही, यूएसबी कार्डावरच तो पदवी पूर्ण करतोय. त्याच्यासाठी बायोसमधून आतलं ऑडिओ बंद केलं, म्हणजे दर वेळी मेलेल्या कोडेकची वाट पाहिली जात नाही. मग साउंडमध्ये यूएसबी कार्ड ‘डिफॉल्ट’ केलं. आणि ज्या पोर्टमध्ये ते पहिल्यांदा लावलं, त्याशेजारी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. अशी स्वस्त कार्डं दुसऱ्या पोर्टमध्ये लावली की विंडोज त्यांना नवं उपकरण समजते आणि डिफॉल्ट, आवाजाची पातळी, माइक, सगळं पुन्हा ठरवावं लागतं.